शब्दाचा अर्थ म्हणजे मनातली कल्पना नव्हे

संपादक महोदय,

शब्द आणि विचार यांच्या नात्यावरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. ‘शब्द ही मनातल्या कल्पनेची खूण असते, म्हणून शब्दाचा अर्थ म्हणजे ती कल्पना,’ असे त्यात सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याच्या नावाने म्हटले आहे. यातला ‘म्हणून’ खटकला. वाक्याचा पहिला भाग लॉकचाच आहे. १६८९च्या अखेरीस निघालेल्या त्याच्या मानवी आकलनावरील निबंधाचा तिसरा खंड शब्दांवर आहे, त्यात तो सापडतो. दुसऱ्या भागापर्यंत लॉक स्वतः जातो का, यावर मात्र अभ्यासकांचे एकमत नाही.

आधी ‘कल्पना’ या शब्दाचेच पाहू. लॉकचा मूळ शब्द ‘आयडिया’. आपल्याला आयडिया सुचते. लॉकची आयडिया सुचत नाही. विचार करताना मनापुढे जे जे असेल ते सगळे तिच्यात येते. लाल रंगाचे संवेदन, आठवण, त्रिकोणाची संकल्पना, सगळेच. मराठीत ‘कल्पना’ म्हटले की वाचक कल्पनाशक्तीकडे वळतो आणि लॉक भलताच हवेतला वाटू लागतो.

लॉकचे सोन्याचे उदाहरण लेखात यायला हवे होते. एका मुलाने सोन्याचा फक्त चमकदार पिवळा रंग हेरला आहे. मोराच्या पिसाऱ्यातल्या तशाच रंगालाही तो ‘सोने’ म्हणतो. दुसऱ्याच्या मनात रंगाबरोबर जडपणा आहे, तिसरा वितळण्याचा गुण जोडतो, चौथा ठोकून पत्रा होण्याचा. शब्द एक, कल्पना चार. आता अर्थ म्हणजे कल्पनाच असेल, तर एकाने ‘सोने वितळते’ आणि दुसऱ्याने ‘वितळत नाही’ म्हटल्यावर त्यांच्यात वाद होऊच शकत नाही, कारण दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. प्रत्यक्षात वाद होतो, आणि त्यातला एक जण चुकतो. अडचण लॉकलाही दिसत होती. आपले शब्द ऐकणाऱ्याच्या मनातल्या कल्पनांच्या आणि खुद्द वस्तूंच्याही खुणा आहेत असे लोक मनातल्या मनात धरून चालतात, हे त्याने नोंदवले आहे. त्याला ते पसंत नव्हते, एवढेच. अमेरिकन तत्त्वज्ञ हिलरी पटनमने १९७५मध्ये याच धातूवर बोट ठेवले. सोने वापरणारे पुष्कळ, पारखणारे थोडे. तरी ‘सोने’ या शब्दाची हद्द पारखणाऱ्यांच्या कसोटीने ठरते. सोन्याचा अणुक्रमांक ७९ हे माहीत नसलेला माणूसही त्याच धातूबद्दल बोलत असतो.

जर्मन तर्कज्ञ गोटलोब फ्रेगेने १८९२च्या निबंधात हा गुंता दुर्बिणीच्या दाखल्याने सोडवला. दुर्बिणीतून चंद्र पाहायचा. चंद्र म्हणजे शब्दाने दाखवलेली वस्तू. भिंगामुळे नळीच्या आत पडणारे चंद्रबिंब म्हणजे आशय, म्हणजे ती वस्तू शब्द ज्या रीतीने दाखवतो ती रीत. ते एकाच बाजूचे असते, पण डोळा लावणाऱ्या प्रत्येकाला तेच मिळते. पाहणाऱ्याच्या नेत्रपटलावर उमटते ती कल्पना. ती ज्याची त्याची. लेखात दुसरी आणि तिसरी पायरी एक झाली आहे.

पायऱ्या वेगळ्या करण्याची कसोटी अवघड नाही. एकाच वस्तूची दोन नावे घ्या, समजा ‘पहाटतारा’ आणि ‘सायंतारा’. दोन्ही म्हणजे शुक्र. ‘पहाटतारा सूर्याभोवती फिरतो’ या वाक्यात नाव बदलले तरी वाक्य खरेच राहते, कारण वस्तू तीच आहे. आता ‘तिला ठाऊक आहे की...’ हे त्याच्या आधी लावा आणि पुन्हा बदला. दोन्ही एकच हे तिला ठाऊक नसेल, तर खऱ्याचे खोटे होऊ शकते. इथे फरक आशयाचा आहे. ‘मेला’, ‘वारला’, ‘निवर्तला’ यांत मात्र खरेखोटे तसूभर हलत नाही, नुसता रंग बदलतो. या कसोटीत चूक होते ती शब्द अवतरणचिन्हांत असताना. ‘शुक्र’ दोन अक्षरी आहे, ‘पहाटतारा’ पाच अक्षरी. अशा वाक्यात अदलाबदल फसते, पण तिथे आपण शब्दाविषयीच बोलत असतो. त्यावरून आशयाबद्दल काही काढू नये.

शिवाय प्रत्येक शब्दामागे कल्पना शोधायची, तर ‘च’ चे काय करायचे? ‘मीच गेलो’ आणि ‘मी गेलोच’ ही दोन वाक्ये घ्या. ‘च’ ची म्हणून कोणती प्रतिमा मनात उभी राहते? काहीच नाही. पण तो एका शब्दावरून दुसऱ्यावर सरकला की अख्खे वाक्य फिरते. लॉकने अव्ययांसाठी वेगळे प्रकरण लिहिले, ते उगाच नव्हे: ती कल्पनांची नावे नसून मन कल्पना कशा जोडते-तोडते ते दाखवतात, असे तो म्हणतो. म्हणजे हा अपवाद त्याच्याच पुस्तकात आहे.

राहता राहिला, या प्रश्नाची सुरुवात लॉकपासून झाली हा लेखाचा सूर. ‘गौः’ यात शब्द कोणता, वशिंड-शेपटी-खूर-शिंगे असलेली ती वस्तू का, असे विचारून पतंजलीचे महाभाष्य, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरचे भाष्य, सुरू होते. पदाचा अर्थ व्यक्ती (एखादी गाय), आकृती (तिचा घाट) आणि जाती (सगळ्या गाईंतले गायपण) हे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथाचे, न्यायसूत्रांचे, उत्तर. वेदवाक्यांचा अर्थ लावणारे मीमांसक जातीवर ठाम. यांपैकी कोणीच अर्थ मनात ठेवलेला नाही. ठेवला तो वैयाकरणांतल्या काहींनी, आणि त्यांचे कारण जबरदस्त आहे. ‘वांझेचा मुलगा’, ‘सशाचे शिंग’ हे शब्द ऐकताच कळतात, पण बाहेर वस्तूच नाही. मग कळते ते काय? अठराव्या शतकातल्या नागेश भट्टांनी अर्थ बुद्धीतला मानला. लेखकांना आपली बाजू लढवायचीच असेल, तर लॉकपेक्षा नागेश भट्ट अधिक कामाला येतील.

– भाषेच्या तत्त्वज्ञानाचा एक अभ्यासक