एक्सल कुठे टाकू, बाबा?

मेलबर्न

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर ट्रेलरचा विषय अर्धवटच राहिला. "एवढं घर असताना खोक्यात जाऊन कशाला झोपायचं?" असं आई म्हणाली आणि पुढचं सगळं हसण्यावारी गेलं. पण आम्ही दोघं तो खरोखरच बांधणार आहोत, घरच्या गॅरेजमध्ये. त्यातल्या एका गोष्टीवर बाबांचं मत घेतल्याशिवाय मी लोखंडाला हात लावणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आईसाठी. गाडीच्या मागे जोडायची ही एक छोटी खोली. आतून आठ बाय पाच, उंची चार फूट, म्हणजे बसता येईल, उभं राहता येणार नाही. आत फक्त गादी आणि कपड्यांचे खण. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, बाहेरून. मागचं झाकण वर उचललं की ओटा समोर येतो आणि तेच झाकण डोक्यावर छप्पर होतं. इथे सरकारी जंगलांत बऱ्याच ठिकाणी फुकट मुक्काम करता येतो, पण तिथे ना वीज, ना नळ. दोन-तीन रात्री आपल्याच विजेवर आणि आपल्याच पाण्यावर निघाल्या की झालं. आणि हो, संडासाचं विचारलंस ना? त्याची झाकणाची पेटी मिळते, तिच्याभोवती छोटा तंबू लावायचा. परळच्या चाळीत गॅलरीच्या टोकाला बादली घेऊन रांगेत उभी राहिलेली तू, तुला याचं एवढं काय वाटावं?

आता बाबा, तुमचा विषय. वजन. इथल्या नियमाप्रमाणे भरलेला ट्रेलर ७५० किलोच्या आत असेल तर त्याला स्वतःचे ब्रेक लागत नाहीत. त्यावर गेला की ब्रेक आले, खर्च आला, आणि आमच्या गाडीलाही ते ओझं जड जाईल. त्यामुळे मी सगळं किलोतच मोजायला लागले आहे. १२ मिलिमीटर प्लायची आठ बाय चारची एक शीट वीस किलोच्या घरात जाते. म्हणून १२ चा प्लाय फक्त तळाला. भिंतींना पातळ प्लाय, मध्ये लाकडी पट्ट्या आणि फोम. पाणी साठ लिटर म्हणजे सरळ साठ किलो. कागदावर सगळं मिळून सव्वासहाशेच्या आसपास येतंय. पण कागदावरचं वजन काट्यावर वाढतंच, हे तुम्हीच शिकवलंत.

विजेचं गणित ऐकून तुम्हाला रेल्वेचं माटुंगा वर्कशॉप आठवेल. डब्याखाली बॅटऱ्यांची पेटी, चाकांच्या एक्सलवरच्या पट्ट्याने फिरणारा, वीज बनवणारा अल्टरनेटर, आणि गाडी स्टेशनात उभी राहिली तरी चालू राहणारे पंखे. माझ्याकडे पट्ट्याच्या जागी छपरावर २०० वॅटचं सोलर पॅनेल, आणि १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे साधारण १,२८० वॅट-अवर. फ्रिजचा कॉम्प्रेसर मिळून आठेक तास चालला तर दिवसाला साडेतीनशे-चारशे, दिवे, पंखा आणि फोन मिळून आणखी शंभर-दीडशे. ऊन अजिबात नसलं तरी दोन रात्री निघतात. उन्हाळ्यात काळजीच नाही. हिवाळ्यात मात्र इथे भरदार ऊन दोनच तासांचं, पॅनेल तेव्हा फ्रिजलाही पुरत नाही. म्हणून चालत्या गाडीच्या अल्टरनेटरवरून २० अँपिअरचा चार्जर घेणार आहे. तासभराच्या प्रवासात अडीचशे वॅट-अवर परत येतात. ही बॅटरी शून्याखालच्या थंडीत चार्ज करायची नसते, म्हणून ती बाहेर पेटीत न ठेवता आत, गादीखाली.

गंमत वायरची आहे. तुमच्या डब्यातल्या ११० व्होल्टवर जे काम एका अँपिअरमध्ये होतं, त्याला १२ व्होल्टवर नऊ अँपिअर लागतात. अडीच चौरस मिलिमीटरची वायर पाच मीटर नेली तर जाऊन-येऊन अर्ध्या व्होल्टहून जास्त वाटेतच जातो, आणि व्होल्टेज पडलं की फ्रिज रुसतो. बरं, इथे गाड्यांची वायर '६ एमएम' म्हणून विकतात ती प्लास्टिकसकट जाडी असते! आत तांबं साडेचार चौरस मिलिमीटरच्या आसपास. लोहार चाळीच्या विजेच्या बाजारात असं कुणी तुमच्या गळ्यात मारायला गेलं असतं तर त्याचं काय झालं असतं, ते मला डोळ्यांसमोर दिसतंय. तुम्ही विचारायच्या आधी सांगते: मेन फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात आहे.

२३० व्होल्टचं फिटिंग आणि पक्की गॅसलाइन लायसनवाल्यानेच करायची असा इथे कायदा आहे. मी दोन्ही वगळलं. सुटी एक बर्नरची शेगडी, तीही बाहेरच्या ओट्यावर. आत दोन माणसांच्या श्वासाने रात्रभरात भिंतींना पाणी सुटतं, म्हणून छपराची खिडकी थंडीतही बोटभर उघडी ठेवावी लागेल. यावर तुमच्या जावयाची कुरकुर चालू आहे, ती चालू द्या.

आता खरा प्रश्न. ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा पुढे गाडीच्या हुकवर यायला हवा. कमी पडला तर हायवेवर ट्रेलर मागून डोलायला लागतो आणि गाडीलाही सोबत हलवतो. माझा ओटा, फ्रिज, भांडी सगळं मागे. म्हणून पाण्याची टाकी आणि बॅटरी एक्सलच्या पुढे घेतली आहे, आणि एक्सल मधोमध न टाकता थोडा मागे. पण टाकी रिकामी होत गेली की तोल बदलणार. टाकी बरोबर एक्सलवर घ्यावी, म्हणजे भरली काय नि रिकामी काय, फरक पडणार नाही, असंही वाटतं. पण मग पुढचं वजन आणू कुठून? बॅटरी तर जेमतेम बारा किलोची.

माझा विचार असा: एक्सल धरणाऱ्या कमान्यांचे (स्प्रिंगांचे) हँगर लगेच वेल्ड करायचे नाहीत. खालच्या लोखंडी चौकटीला, म्हणजे चेसिसला, बोल्टने धरायचे, वर सांगाडा चढवायचा, टाकीत पाणी आणि ओट्यावर डबे ठेवायचे, पुढच्या हुकखाली बाथरूममधला वजनकाटा ठेवून बघायचं, आणि मगच जागा पक्की करायची. हे तुमच्या दृष्टीने बरोबर आहे का? चेसिसला ५० बाय ५० चा चौकोनी पाइप पुरेल की पुढचा दांडा जाड घेऊ? माझा जीव जाड घ्यायचा म्हणतो, किलो नको म्हणतात.

नकाशाचे फोटो दादाच्या फोनवर पाठवलेत. त्याला मोठ्या कागदावर प्रिंट काढून आणायला सांगा, स्क्रीनवर बघत बसू नका. लाल पेनाने जे खोडायचं ते खोडा.

आणि आई, एक काम तुझ्याकडे. मोरीजवळच्या स्टीलच्या मांडणीत ताटं उभी राहतात त्या दोन दांड्यांमधलं अंतर टेपने मोजून कळव. मला ओट्यात तशीच खाच करायची आहे, आणि इथल्या रॅकमध्ये आपली ताटं बसत नाहीत.

तुमची,
लेक