अंतर्गत रस्त्यांचा सीलकोट मेअखेरीस नको, दिवाळी ते होळीदरम्यान करावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्याव्या लागतात आणि नाशिकमधील अनेक संस्थांच्या नोटिसा सध्या फलकावर लागत आहेत. या सभांमध्ये गळती, लिफ्ट आणि पाण्याच्या टाक्या यांवर सविस्तर चर्चा होते. आवारातील डांबरी रस्त्याचा आणि वाहनतळाचा विषय मात्र बहुधा पुढे ढकलला जातो. मग एप्रिल संपता संपता तो कोणाच्या तरी लक्षात येतो आणि ‘पावसाआधी उरकून घेऊ’ म्हणत मेच्या शेवटच्या पंधरवड्यात सीलकोट, म्हणजे डांबरी पृष्ठभागावर पाणी मुरू नये म्हणून द्यायचा पातळ थर, मारला जातो. पाणी मुरू नये हा हेतू योग्यच आहे, पण निवडलेली वेळ वर्षातील जवळजवळ सर्वांत वाईट असते. शासकीय रस्तेकामांवर शाखा अभियंता म्हणून नोकरी केल्यामुळे आणि स्वतःच्या संस्थेत हीच चूक होताना पाहिल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

आवारातील कामांना हल्ली बहुतेक वेळा इमल्शन वापरले जाते. यात बिटुमेनचे, म्हणजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या डांबराचे, अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात. रस्तेकामाच्या इमल्शनमध्ये बिटुमेनचे प्रमाण साधारण 60 टक्क्यांच्या आसपास किंवा थोडे अधिक असते आणि बाकी मुख्यतः पाणी. ओतताना ते तपकिरी दिसते आणि कण पाण्यातून सुटून एकमेकांना व खडीला चिकटू लागले की काळे पडते, ज्याला साइटवर ‘इमल्शन ब्रेक झाले’ असे म्हणतात. मात्र काळे झाले म्हणजे पक्के झाले, असा समज करून घेऊ नये. आतले पाणी हवेत उडून जाईपर्यंत तो थर कच्चाच असतो, आणि ते किती वेगाने उडेल हे ऊन, वारा आणि हवेतील दमटपणा यांवरच ठरते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या मानक विनिर्देशांतही पृष्ठभागावर पाणी असताना, पाऊस किंवा धुके असताना आणि तापमान 10 अंशांखाली असताना डांबरी काम थांबवण्यास सांगितले आहे. हा नियम महामार्गासाठी लिहिलेला असला, तरी आमच्या गेटपासून जिन्यापर्यंतच्या रस्त्याचे डांबर काही वेगळे वागत नाही.

आमची संस्था इंदिरानगर परिसरात आहे. 2025 च्या मे महिन्यात आम्ही हे काम काढले. हवामान खात्याच्या सरासरीनुसार 11 जूनच्या सुमारास मुंबईत पोहोचणारा मोसमी पाऊस त्या वर्षी 26 मे रोजीच दाखल झाला आणि त्याआधीही वळवाच्या सरी पडत होत्या. ठेकेदाराकडे त्या आठवड्यात आणखी कामे होती, माणसे आणि पिंपे येऊन पडली होती, आणि दुपारी उघडीप आहे एवढ्यावर समाधान मानून काम सुरू करण्यात आले. रात्री पाऊस आला. सकाळी निम्म्या आवारातील थर धुऊन गेला होता, तपकिरी-काळे पाणी गेटबाहेरच्या पावसाळी गटारात उतरले होते, आणि उरलेला थर मुलांच्या चपलांनी व स्कूटरच्या चाकांनी घराघरांत पोहोचला होता. मी त्या समितीचा सदस्य होतो. थांबावे असे मी सुचवले, पण आग्रह धरला नाही, याची खंत मला आजही आहे, कारण तो पैसा सदनिकाधारकांच्या दुरुस्ती निधीतला होता.

माझी बहीण अलिबागला राहते. तिच्या बंगल्यासमोरील डांबरी वाटेबद्दल तिने विचारले, तेव्हा तिला दिलेले उत्तर आणि नाशिककरांना द्यायचे उत्तर यांत मला फरक करावा लागला. किनारपट्टीवर पाऊस नसतानाही हवा कोरडी नसते. पहाटे दव पडते, दुपारनंतर समुद्रावरून दमट वारा येतो आणि मे महिन्यात ऊन कितीही कडक असले, तरी घाम वाळत नाही तसे इमल्शनमधले पाणीही लवकर सुटत नाही. त्यामुळे तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी हाच खरा काळ असून, सकाळचे दव पूर्ण सुकल्यावर काम सुरू करून दुपारच्या आत संपवावे, आणि दोन-तीन दिवस वाहने बाहेर ठेवावीत. तिला थंडीची चिंता नाही. नाशिकला नेमके उलटे आहे. आपली हिवाळी हवा कोरडी असते, पण थंडीच्या लाटेत पहाटेचा पारा 10 अंशांच्या खाली जातो, आणि निफाडकडे तर त्याहून बराच खाली. म्हणून नाशिकमध्ये जानेवारीत सकाळी सात वाजता काम सुरू करण्यात काहीच अर्थ नाही. रस्ता उन्हाने तापल्यावर, अकराच्या सुमारास सुरुवात करून तीनपर्यंत हात थांबवला, तर थराला मावळतीपूर्वी पुरेसे ऊन मिळते.

माझ्या मते दिवाळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी सुरू होऊन होळीपर्यंत चालणारा काळ आपल्या शहरासाठी योग्य आहे, आणि त्यातही फेब्रुवारी सर्वांत चांगला. मार्च उजाडला की ठेकेदार आर्थिक वर्षाअखेरच्या सरकारी कामांमागे लागतात. एप्रिल-मेच्या कडक उन्हात वेगळीच अडचण येते: दुधावर साय धरावी तसा वरचा पापुद्रा झटकन वाळतो, खाली ओल राहते, आणि उभ्या जागी स्टिअरिंग वळवणाऱ्या मोटारीखाली तो पापुद्रा सोलवटून निघतो. नोव्हेंबरही निर्धोक आहे असे नाही. 2023 च्या नोव्हेंबरअखेरीस झालेला अवकाळी पाऊस व गारपीट द्राक्ष बागायतदार विसरलेले नाहीत. ते जसे रोज आकाश आणि अंदाज पाहून फवारणी ठरवतात, तसेच सीलकोटची तारीखही पुढील किमान 24 तास, शक्यतो 48 तास कोरडे आहेत याची खात्री करूनच पक्की करावी.

पाऊस थांबला म्हणजे रस्ता सुकला, असेही नसते. खालच्या खडी-मुरमात आणि त्याखालच्या काळ्या मातीत पाणी बरेच दिवस राहते. ऑक्टोबरमध्ये घाईने वरून थर लावला, तर ही कोंडलेली ओल उन्हाने वाफ होऊन वर दाब देते आणि थराला फुगे येऊन तो सुटतो. यासाठी एक सोपी पाहणी घरच्या घरी करता येते. प्लॅस्टिकचा हातभर कागद रस्त्यावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवावा. सकाळी त्याच्या खालच्या अंगाला थेंब दिसले, तर आणखी थांबावे. रस्त्याला सीलकोटची गरज आहे का, हेही तांब्याभर पाण्याने कळते: पाणी थेंबाथेंबाने वरच राहिले तर तूर्त गरज नाही, मुरून डाग काळपट झाला तर आहे. नव्याने केलेल्या रस्त्याला निदान सहा महिने हात लावू नये.

भेगा आधी स्वच्छ करून भरल्याशिवाय वरून काळा रंग फासणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय. आपल्या सह्याद्रीतील काळा बेसाल्ट बिटुमेन चांगले धरून ठेवतो. पण भेगेतून उतरलेले पाणी साचून राहिले, की दगडावरचा थर सुटू लागतो आणि एका पावसाळ्यात खड्डा तयार होतो. जाळीदार भेगा पडलेल्या किंवा खचलेल्या भागाला तर सीलकोट हा उपायच नाही. तो भाग खोदून पुन्हा भरावा लागतो, आणि पाणी साचण्याचे मूळ कारण असलेला उतार सुधारावा लागतो.

दोन बाबी दरपत्रक मागवतानाच लेखी विचाराव्यात. पहिली, थरात वाळू किंवा बारीक कच किती घालणार. गुळगुळीत काळा थर दिसायला छान असतो, पण पहिल्या पावसात तळघराच्या उतारावर दुचाकी घसरते, आणि आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरी दुचाकी आहे. दुसरी, माल बिटुमेनचा आहे की कोळशापासून निघणाऱ्या कोलटारचा. बोलीभाषेत आपण दोन्हींना डांबरच म्हणतो, परंतु कोलटारमध्ये कर्करोगकारक संयुगांचे प्रमाण फार मोठे असते. अमेरिकेतील ऑस्टिन शहराने 2006 मध्ये अशा सीलकोटवर बंदी घातली, ती ओढे-नाल्यांच्या गाळात ही संयुगे सापडल्यामुळेच. आमच्या आवारातून त्या रात्री वाहून गेलेले पाणी नासर्डी नदीच्या दिशेने आणि पुढे गोदावरीकडेच गेले असणार. 2027 च्या सिंहस्थासाठी नदी स्वच्छ करण्याची चर्चा चालू असताना तिच्यात आपल्या आवारातून काय जाते, हे पाहणे आपल्याच हातात आहे.

या महिन्याच्या सभेत एवढाच ठराव करून घ्यावा: भेगा व खड्ड्यांची दुरुस्ती नोव्हेंबरमध्ये, सीलकोट फेब्रुवारीत, वाहने किमान दोन दिवस बाहेर, आणि कराराच्या मुदतीत पावसाचा अंदाज असल्यास तारीख बदलण्याचा अधिकार संस्थेकडे. ठेकेदारांनाही डिसेंबर-जानेवारीत तुलनेने सवड असते, त्यामुळे दराबाबत बोलणी करण्यास वाव राहतो. सभांच्या तारखा जवळ आल्या असल्याने हे पत्र शक्य तितक्या लवकर प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शाखा अभियंता
इंदिरानगर, नाशिक