फोटोतलं चिलखत शिवकालीन नाही हो

संपादक साहेब, नमस्कार.

दसऱ्यानंतर तुमच्या पेपरात आमच्या गल्लीतला एक फोटो आला होता, झेंडूची माळ घातलेलं काळं चिलखत आणि खाली ओळ, 'युवकाने साकारले शिवकालीन चिलखत'. तो युवक म्हणजे मी, वय ४१, त्याबद्दल थँक्यू. पण बाकीची ओळ चुकलीय आणि ती दोन ठिकाणी चुकलीय, म्हणून लिहितोय. तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून परत माझ्याकडेच आला तोवर त्यात 'किल्ल्यात सापडलेले' अशी भर पडलेली होती, काल तर पारोळ्याहून एक गृहस्थ भाव विचारायला आले. त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

तर पहिली गोष्ट, ते जपानी पद्धतीचं आहे. आपल्याकडं चिलखत म्हणजे मुख्यतः लोखंडी कड्यांचं विणलेलं, अंगरख्यासारखं घालायचं, १६५९ ला अफझलखानाच्या भेटीला महाराजांनी कपड्याच्या आत घातलं होतं ते आपण शाळेतच शिकलो. त्याच्यावरून कधी चार-आईना बांधायचे, म्हणजे पुढं मागं आणि दोन्ही कुशीला एकेक पत्रा. मी केलंय त्यात कडी एकही नाही. आडव्या पट्ट्या एकीवर एक थोड्या चढवून रिबिटांनी, म्हणजे भोकातून घालून ठोकून बसवायच्या खिळ्यांनी, जोडल्यात, त्याला तिकडं ओकेगावा दो म्हणतात, दो म्हणजे छाती-पाठीचा भाग आणि ओके म्हणजे लाकडी पट्ट्यांची बादली, टब म्हणा. आमच्या गल्लीत पत्र्याच्या कोठ्या-पेट्या करणाऱ्या नानांना हे सांगितलं तर म्हणाले मंग बराबर जागी आला तू, मी जनमभर बादल्याच केल्या.

जपान्यांची आधीची चिलखतं बारीक बारीक पत्र्या दोरीनं गुंफून केलेली असायची, दिसायला एकदम भारी, पण दोरी पावसात भिजली की जड होते, मळते, उवा होतात, आणि करायला महिनोन् महिने जातात. मग १५४३ ला पोर्तुगीज लोक तानेगाशिमा बेटावर तोड्याची बंदूक घेऊन उतरले, तिथल्या लोहारांनी ती बघून बघून बनवली, आणि १५७५ ला नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागा या सरदाराच्या बंदूकवाल्यांनी ताकेदा घराण्याच्या घोडदळाची वाट लावली. फौजा वाढल्या, गोळीही अडवायची होती, तेव्हा सलग पत्र्याची, रिबीट मारलेली, पटकन होणारी चिलखतं जोरात चालली. काही कारागीर तर तयार मालावर गोळी झाडून दाखवायचे आणि तो पोचा तसाच ठेवायचे, गिऱ्हाइकाला पुरावा म्हणून. आपण पोचा पडला की कूलर परत करतो.

आता दुसरी चूक, जी मला जास्त लागली. 'युवकाने साकारले.' अहो पट्ट्या मी कापल्या, फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे फर्मे करून १८ गेजचा पत्रा मी कापला, बोअरच्या केसिंग पाइपवर ठोकून गोलाई मी दिली, पण जोडलं नानांनी. नाना म्हणजे तेच, ज्यांच्या कोठीत अर्ध्या तालुक्याची ज्वारी राहिली असेल, आता लोक प्लास्टिकची टाकी घेतात ते सोडा. मी आधी शहाणपणा करून पॉप रिबीट मारले होते, ते आतून पोकळ, आठ दिवसात पट्ट्या खुळखुळायला लागल्या. नंतर साधे भरीव रिबीट घेतले तर डावीकडून सुरू केलं आणि उजवीकडं पोचेपर्यंत भोकाला भोक जुळेना, पत्रा सरकत गेला होता. हे घेऊन दुकानात गेलो तर नाना बघतच राहिले, "हाई काय शे भो? कोठीले हात कसाले?" हाताच्या जागेला मी गोल खाचा ठेवल्या होत्या ना.

त्यांनी सगळं उकलायला लावलं. मग आधी मधला रिबीट, मग दोन टोकं, मग त्यांच्या मधले, शिंपी टाचे घालतो तसं, आणि बाकीच्या भोकात तोवर नट-बोल्ट. रेल्वेच्या रुळाचा तुकडा ऐरण म्हणून. गोल डोकं पाहिजे तर रिबिटाची दांडी तिच्या स्वतःच्या जाडीच्या दीडपट वर राहिली पाहिजे, म्हणजे ४ मिमीला ६ मिमी, हे मी नंतर वाचलं, नाना नुसतं नखानं बघून बाजूला काढायचे, "हा आखूड शे." पहिला ठोका सरळ, बसका, मग कडेकडेनं हलके हलके फिरवत, शेवटी सेट, म्हणजे डोक्याला गोल आकार देणारं खाच्याचं हत्यार, ठेवून एकच. आवाज बदलतो हो, सैल असेपर्यंत खणखण, बसला की टक्. मला तो आवाज ओळखायला अख्खा मे महिना लागला, तोही रात्रीच काम करून, कारण दिवसा त्या पत्र्याच्या दुकानात हातोडा सुद्धा धरवत नाही.

एकदा भांडण पण झालं. छातीकडच्या भोकांची तोंडं मी रुंद करून घेतली होती, रिबीट त्यात बसवून वर ग्राइंडर मारायचा म्हणजे सांधा दिसत नाही, जपानी पण तसंच करून वरून रोगण चढवायचे. नाना चिडले, मी डोकं बनवू अन् तू घासी टाकशी? मग पाठीला गोल डोकी तशीच ठेवली. तिकडंही काही जण मुद्दाम ठेवायचे, घराण्याच्या चिन्हाच्या आकाराची सुद्धा, म्हणजे नानांचं बरोबरच निघालं. जपानी रोगण झाडाच्या चिकाचं, आपल्या बिब्याच्या कुळातलं झाड, अंगाला लागलं की तसंच उततं, आणि ते वाळायला हवेत दमटपणा लागतो, आपल्याकडं मे महिन्यात कुठून आणणार. मी गाडीचा काळा स्प्रे मारला. डाव्या कुशीला बिजागरी आहे ती कोठीच्या झाकणाची, उजवीकडं दोरीनं बांधायचं. वजन साडेसहा किलो, रिबीट १६८, घातलं एकदाच आणि दहा मिनिटात काढलं.

दसऱ्याला नानांनी हातोडा, कात्री, सेट मांडले आणि मध्ये हे ठेवलं, तेव्हा तुमचा फोटोग्राफर आला. तर एक छोटी दुरुस्ती छापा, जपानी पद्धतीचं, नवीन, कुठल्याच किल्ल्यात सापडलेलं नाही, विकायचं नाही. आणि नानांना नाव छापून नकोय, पण फोटोत उजव्या कडेला जो एक कोपर आलाय तो रिबीट मारणाऱ्याचा आहे एवढं लिहा म्हणाले.

आपला एक वाचक,
अमळनेर, जि. जळगाव