ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींना हंगामभर गावातच ठेवण्यासाठी आवाहन

समस्त गावकरी मंडळी आणि नोकरी-धंद्यानिमित्त बाहेरगावी असलेले आपले लोक, सप्रेम नमस्कार.

दसरा तोंडावर आला आहे. मुकादमांनी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटायला सुरुवात केली आहे. दिवाळीच्या आगेमागे आपल्या गावातली निम्मी घरं कुलूप लावून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातील, ती गुढीपाडव्याच्या सुमारास परततील. या घरांतल्या नववी ते बारावीच्या पोरींसाठी आम्ही तुमच्या दारात आलो आहोत.

धाकट्या लेकरांसाठी सरकारचं हंगामी वसतिगृह आहे, पण ते आठवीपर्यंतच. नववीत गेलेली पोरगी त्यात बसत नाही. घरी धडधाकट आजी असेल तर निभावतं. नसेल तर आईबापांपुढे दोनच वाटा उरतात. एक तर सोबत न्यायची, नाहीतर उजवून टाकायची.

सोबत न्यायची म्हणजे उसाच्या फडाजवळच्या कोपीत, तात्पुरत्या झोपडीत. कोपीला दार नसतं. अंघोळीला आडोसा म्हणजे चार काठ्यांना गुंडाळलेलं जुनं लुगडं. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात आणि पोरगी भावंडं सांभाळत मागे एकटी राहते. तिथे काय काय सोसावं लागतं हे कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. त्याची तक्रार होत नाही, कारण बोभाटा झाला की नाव पोरीचंच खराब होतं. त्या धास्तीपोटी आईबाप लग्न लावतात. लेक जड झालेली नसते. त्यात पलीकडच्या घरालाही घाई असते, कारण नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो आणि जोडीवर उचल मिळते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. राज्याचं प्रमाण २१.९ टक्के होतं. पुढे लागोपाठ बाळंतपणं, अंगात रक्त नाही आणि कामाला खाडा केला की पैसे कापतात. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. त्या कुणी परक्या नव्हत्या, आपल्याच लेकी-सुना होत्या.

मागच्या हंगामात आपल्याच एका पोरीने हळदीच्या आदल्या रात्री शेजारणीच्या मोबाइलवरून अंगणवाडीच्या ताईंना फोन केला. "ताई, मला दहावीची परीक्षा द्यायची आहे," एवढंच बोलली. ताई आणि ग्रामसेवक रात्रीच तिच्या घरी गेले, लग्न थांबलं. नंतर लोकांनी ताईंना काय नाही ऐकवलं! काहींनी तर लेकरं अंगणवाडीत पाठवणं बंद केलं. पोरीला आगाऊ म्हणाले. १८८७ साली मुंबईत रखमाबाईंनाही लोक असंच बोलत होते. लहानपणी लावून दिलेल्या लग्नापायी नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा निकाल आला, तर त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. पुढे विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. आमच्या मते त्या रात्री फोन करायलाही तेवढीच छाती लागली. आपली पोरगी आज अकरावीत आहे. पण दर वेळी धाडस पोरीनेच का करायचं? थोडं गावाने करावं.

समाजमंदिराच्या दोन खोल्या ग्रामपंचायतीने दिल्या आहेत. यंदा पंचवीसेक मुली राहतील. महिन्याला तीन क्विंटल धान्य लागेल. ज्वारी, बाजरी, गहू, डाळ, ज्याच्या घरी जे असेल ते द्या, पायली दिली तरी चालेल. खोल्यांना आतून लागणाऱ्या भक्कम कड्या, संडासापर्यंत दिवा आणि अंथरुणं एवढी कामं दिवाळीआधी उरकायची आहेत. पुण्या-पिंपरीकडच्या मंडळींनी याचा खर्च उचलावा. प्रत्येक रुपयाची पावती मिळेल आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हिशेब वाचला जाईल.

पैशांहून जास्त अडचण रात्रीच्या सोबतीची आहे. मुलींजवळ झोपायला रोज दोन जाणत्या बायका हव्यात. आज्यांनो, मावश्यांनो, आठवड्यातली एक रात्र द्या. गणित आणि इंग्रजी शिकवणारं कुणी संध्याकाळी तासभर आलं तर फार बरं होईल.

मंडपवाले, आचारी, पत्रिका छापणारे आणि लग्न लावणारे गुरुजी यांना हात जोडून विनंती आहे की, सुपारी घेण्याआधी मुलीचा जन्मदाखला बघा. बालविवाह लावणाऱ्याला आणि त्याला साथ देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कुठे असं लग्न ठरल्याचं कानावर आलं, तर ग्रामसेवकांना किंवा अंगणवाडीत सांगा, नाहीतर १०९८ वर फोन करा. रात्री-अपरात्रीही तो लागतो आणि सांगणाऱ्याचं नाव बाहेर येत नाही.

आणि ज्यांनी उचल घेतली आहे, पण पोरीची सोय लागलेली नाही, त्यांनी संकोच करू नये. मुलीचं नाव दसऱ्याच्या आत अंगणवाडीत नोंदवा. घरी कुणी काही विचारणार नाही, बोल लावणार नाही. धान्य आणि रोख मदत ग्रामपंचायत कार्यालयात सकाळी दहा ते बारा या वेळेत स्वीकारली जाईल.

आपले,
ग्रामपंचायत आणि गाव बाल संरक्षण समिती