बाबा, पडवीला काचा लावू नका

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. रविवारी फोनवर बाबा म्हणाले की पडवीला ॲल्युमिनियमची स्लायडिंग लावायची ठरतेय, माणूस माप पण घेऊन गेला, आणि मी नुसतं हं हं करत बसले, कारण फोनवर बोलायला गेले की भांडल्यासारखं होतं. म्हणून हे लिहितेय. आई, तू बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

तुम्ही विचारलं होतं ना की घराच्या बाहेरच्या बाजूवर एवढे पैसे कशाला, राहायचं तर आतच आहे. तर ऐका, आम्ही नेमकं काय करतोय ते. आमचं घर 1914चं, क्राफ्ट्समन बंगलो म्हणतात त्या पद्धतीचं. कॅलिफोर्नियात, आमच्या पॅसाडेनात असली शेकडो घरं आहेत. बसकं छप्पर, लांब पुढे आलेली वळचण, खाली वाशांची टोकं उघडी, आणि समोर रुंद पडवी, तिचे खांब खाली जाड नि वर निमुळते, दगडी चौथऱ्यांवर उभे. तुम्ही इथे आला होतात तेव्हा आमच्या या घरावर यातलं निम्मं दिसतच नव्हतं, कारण आधीच्या कुणीतरी पडवी काचा लावून बंद केलेली, दगडांना पांढरा ऑइलपेंट फासलेला, आणि भिंतीच्या फळ्यांवर प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकलेल्या. त्यांनीही सोय म्हणूनच केलं असणार, एक खोली वाढते, धूळ येत नाही. पण त्या खोलीत कुणीच बसायचं नाही, उन्हाळ्यात भट्टी, आणि मागचा हॉल दिवसाढवळ्या अंधारा, लाइट लावूनच बसायचं.

ते सगळं आम्ही आता काढतोय. लावण्यापेक्षा काढायला दुप्पट खर्च येतो, हे मला आता कळलंय. 1978च्या आधीच्या घरात रंगात शिसं असू शकतं, त्या वर्षी इथे घरांच्या रंगात शिसं वापरायला बंदी आली, त्यामुळे आधी टेस्ट, मग खाली प्लास्टिक अंथरून, मास्क लावून काम, आणि छोटीला तोपर्यंत मैत्रिणीकडे ठेवायचं. दगडांवरचा रंग वाळूच्या माऱ्याने काढा असं एकाने सांगितलं पण त्याने दगडामधला चुना आणि लाकूड दोन्ही खराब होतं, म्हणून केमिकल लावून, ब्रशने, हळूहळू. तीन शनिवार मी स्वतः घासलंय. खाली नदीतले गोल दगड निघाले बाबा, करडे, आरोयो सेको म्हणून नदी आहे ना आमच्या शहराच्या कडेने, तिथलेच असणार. आणि मध्ये मध्ये काळ्या, वाकड्या विटा, भट्टीत जास्त भाजून गेलेल्या, आपण झामा म्हणतो त्या. इकडे त्यांना क्लिंकर म्हणतात. फेकून द्यायच्या विटा या लोकांनी मुद्दाम दर्शनी भागात लावल्या, कारण त्यावर हाताची आणि आगीची खूण दिसते. मला ते फार आवडतं.

गॅम्बल हाऊस आठवतंय? इथलंच, याच पद्धतीचं, 1908चं, ग्रीन या दोघा आर्किटेक्ट भावांनी केलेलं, ते आपण बघायला गेलो होतो. आई आत काचेचा दरवाजा बघत राहिली आणि बाबा बाहेर वळचणीखाली मान वर करून वासे बघत उभे होते, गाइड बोलावते तरी येईनात. शेवटी म्हणालात, आपल्या घरासारखंच आहे की हे, फक्त कौलं नाहीत. तुम्ही बरोबर होतात. बंगलो हा शब्दच आपल्याकडचा, बंगालच्या पडवीवाल्या घरांना बंगला म्हणायचे, तो साहेबांनी उचलला आणि फिरत फिरत कॅलिफोर्नियात पोचला. इथल्या लोकांनी पडवी ठेवली कारण उन्हात सावलीची गरज तीच. तुम्ही हेही दाखवलं होतं की तिथले वासे छपराच्याही पुढे काढलेत, पाणी थेट टोकांवर पडणार, कुजणार. ते खरंच कुजले होते, नंतर दुरुस्ती करावी लागली. म्हणून आमच्या सुताराला मी सांगितलं, टोकं छपराच्या आतच ठेव.

रंगाचं ठरलंय. भिंतीच्या फळ्यांना शेवाळी हिरवा, चौकटींना गडद तपकिरी, आणि खिडकीच्या झडपांना गेरूसारखा लाल, तो आईने पसंत केलेला. पांढरं काहीच नाही. दाराजवळ तांब्याचा दिवा, त्याला काचेऐवजी अभ्रक, उजेड मधासारखा पडतो. एक हौस मात्र सोडली, पडवीच्या खांबावर वेल चढवायची होती. 2025च्या जानेवारीत शेजारच्या अल्टाडेनात आग लागली तेव्हा आम्ही बॅगा भरून बसलो होतो ते तुम्हाला माहितीच आहे, अशीच कितीतरी जुनी लाकडी घरं गेली. ठिणग्या वाऱ्याने उडून वळचणीखालच्या झरोक्यांतून आत जातात. म्हणून झरोक्यांना बारीक धातूची जाळी, आणि भिंतीपासून पाच फूट फक्त खडी, झाड नाही, लाकडाचा भुगा नाही.

आता तुमच्या पडवीचं. मला माहितीये तुम्ही उगाच नाही ठरवलंय. पावसाची झड आत येते, फरशी ओली होते, गेल्या आषाढात आई घसरली, आणि माकडं. हे सगळं खरं आहे आणि मी तिथे नाही, बोलणं सोपं आहे. पण काचा लावल्या की माजघर अंधारं होणार, वारा बंद, आणि ओलसर लाकूड कोंडलं की वाळवी. आणि येणारा माणूस आधी पायरीवर टेकतो, मग बोलतो, तो बेल वाजवून काचेबाहेर उभा राहील. काकू संध्याकाळी निवडायला भाजी घेऊन येतात त्या कुठे बसतील?

त्याऐवजी वळचणच दीड-दोन फूट पुढे काढता येईल. इथे खांबातून किंवा भिंतीतून तिरका लाकडी हात काढून वळचणीला टेकू देतात, फोटो पाठवतेय, आपल्या सुताराला दाखवा, तो एका नजरेत ओळखेल. कौलं जुनी मंगलोरीच उतरवून परत वापरायची. पश्चिमेला जिथून झड येते तिथे फक्त पावसाळ्यापुरती गुंडाळता येणारी ताडपत्री, पूर्वी आपण झाप बांधायचो तसंच. माकडांसाठी वरच्या अर्ध्या भागाला जाळी, लांबून दिसतही नाही. आणि फरशी बदलूया, ती गुळगुळीत आहे तीच घसरायला कारण, खरबरीत लादी घालू, आणि पायरीला आईच्या हाताच्या उंचीचा कठडा. हा खर्च मी करते, याच्यावर वाद नको.

स्लायडिंगवाल्याला ॲडव्हान्स दिला नसेल तर दिवाळीपर्यंत थांब म्हणा. दिला असेल तरी सांगा, बघू. मी नोव्हेंबरात येतेय तीन आठवडे, तेव्हा पाऊस संपलेला असेल, सुताराला बोलवून वासे एकेक ठोकून बघू कुठला पोकळ झालाय. बाबा, तोपर्यंत तुम्ही एकटे शिडीवर चढू नका. आणि झोपाळ्याच्या कड्या काढून ठेवल्यात असं आई म्हणाली, त्या टाकू नका, तेल लावून कोनाड्यात ठेवा.

तुमची,
लेक