टॉवरला भितो आणि मरतो बांधावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या माळावरून विजेच्या टॉवरची मोठी लाइन गेली तेव्हापासून गावात एकच बोलणं: तिच्याखाली गुरं चारली की दूध आटतं, गाय गाभण राहत नाही. मी वीस वर्षं तिथंच खिल्लारं चारतो आहे. 220 केव्हीच्या (किलोव्होल्ट, म्हणजे विजेचा दाब) अशा लाइनखाली साधारण 35 मीटरचा पट्टा मोकळा ठेवतात. तिथं घर बांधता येत नाही, आंबा लावता येत नाही, त्यामुळे कुसळी आणि पवन्या मात्र माजतो. झिमझिम पावसात तारा चरचरतात, नवखं वासरू कान टवकारतं, एवढंच. खाली तारेचं कुंपण किंवा पत्र्याची शेड असेल तर हात लावल्यावर मुंग्या येतात, तेवढं अर्थिंग करून घ्यावं. चरणारी गुरं बहुधा उत्तर-दक्षिण उभी राहतात, असं युरोपातल्या संशोधकांनी 2008 साली उपग्रहाच्या चित्रांवरून मांडलं आणि पुढच्या वर्षी उच्चदाबाच्या तारांखाली त्यांची ही दिशा बिघडते असंही. आमची जनावरं वाऱ्याकडे पाठ करून उभी राहतात, वर तारा असोत नसोत.

आमच्याकडे जनावरं मरतात ती बांधावरून खांबांवर जाणाऱ्या 11 केव्हीच्या छोट्या लाइनखाली.

गेल्या वर्षी रोहिणीच्या पावसात तात्यांची (माझे चुलते) गाभण गाय गेली. रात्री वाऱ्यात तार तुटून गवतात पडली होती, कुणाला पत्ता नाही. सकाळी गाय चरत चरत तिकडं गेली आणि उभ्या जागी कोसळली. तार तिला शिवलीही नव्हती, चांगली तीन-चार हात लांब होती. तार पडली की वीज आजूबाजूच्या जमिनीत पसरते आणि दर पावलागणिक तिचा दाब कमी होत जातो. गाईच्या पुढच्या आणि मागच्या पायांत पाच-सहा फुटांचं अंतर. तेवढ्या अंतरातला फरक तिच्या अंगातून, थेट छातीतून जातो. माणूस वाचतो तिथं जनावर मरतं ते यामुळे. त्यात आमची जमीन मुरमाड. वर चार बोटं ओल, खाली सगळं कोरडं. वीज जमिनीत पुरती उतरत नाही, सबस्टेशनात ट्रिप होत नाही आणि तार तशीच जिवंत पडून राहते. तात्या गाईकडं धावले होते. काकूंनी ओरडून थांबवलं म्हणून आज ते आहेत.

पुढचं रामायण भरपाईचं. वायरमनने दुपारी येऊन तार जोडली, तोवर पंचनामा झालेलाच नव्हता. शवविच्छेदनाशिवाय पुरू नका म्हणाले, म्हणून गाय दीड दिवस पावसात पडून. विजेच्या अपघातात जनावर मेलं तरी विद्युत निरीक्षकाला 24 तासांत कळवायचं असतं. वीज कायदा 2003 च्या कलम 161 मध्ये माणसाबरोबर जनावराचाही उल्लेख आहे. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. वीज कार्यालयातल्या साहेबांनी उलट विचारलं, ‘गाय तारेजवळ सोडलीच कशाला?’ बांध आमचा, गाय आमची. तार तेवढी त्यांची.

शेतातून जाणारी 11 केव्हीची उघडी तार जमिनीपासून किमान 4.6 मीटर, म्हणजे पंधरा फूट वर हवी. आमच्याकडे भरलेल्या कडब्याच्या गाडीवर बसलेल्या माणसाला खाली वाकावं लागतं. वाऱ्यात तारा एकमेकींना लागू नयेत म्हणून मधे बांबूची कामटी बांधली आहे. मे महिन्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवतातच, त्याच वेळी तारा ताणून घ्याव्यात, कललेले खांब सरळ करावेत आणि कुठल्या शिवारात काम झालं त्याचा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा, एवढं मागणं आहे. तार पडल्याचं कळवायला रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबरही त्यावर असावा.

तात्यांच्या बांधावरची तार तिथंच पीळ मारून जोडलेली आहे, कामटीसकट. दूध आटतं म्हणून टॉवरकडं न फिरकणारे तात्या आता गुरं तिकडंच नेतात.

आपला,
एक पशुपालक, ता. माण, जि. सातारा