ऐरोलीतल्या हार्डवेअरवाल्या काकांना आणि त्या ताईंना थँक्यू

नावं विचारायची राहूनच गेली, म्हणून इथेच लिहितोय. हॉलमधल्या जिप्सम पार्टिशनवरचा टीव्हीचा ब्रॅकेट लोंबकळायला लागला, बसवणाऱ्याने साधी प्लास्टिकची गिट्टी ठोकलेली, आता १२.५ मिमीचा बोर्ड आणि मागे नुसती पोकळी, ती गिट्टी धरणार कशाला? मी एम-सील घ्यायला गेलेलो (हसू नका), काकांनी द्यायलाच नकार दिला! मग माझ्या मागे उभ्या असलेल्या ताई म्हणाल्या, आधी भिंतीवर लोहचुंबक फिरवा, जिथे चिकटेल तिथे स्क्रू, म्हणजे मागे पत्र्याचा स्टड (पार्टिशनच्या आतला उभा खांब), दुसरा साधारण दोन फुटांवर मिळेल. अगदी तसंच निघालं. टॉगल बोल्ट (बोर्डामागच्या पोकळीत उघडून धरणारा) घेऊ का विचारलं तर काका म्हणाले, "अरे तुझा टीव्ही पुढे ओढता येणाऱ्या ब्रॅकेटवरचा आहे ना, नुसत्या बोर्डावर नको, फाटेल." मग दोन स्टडवर १८ मिमीचं प्लाय सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने कसलं आणि ब्रॅकेट त्या प्लायवर.

दिसायला थोडं ओबडधोबड आहे, बायकोने लगेच सांगितलंच, पण हलत नाही.

काका, प्लायच्या तुकड्याचे पैसे तुम्ही घेतलेच नाहीत, शनिवारी येतो द्यायला.